सुताच्या आतला नॅनोमीटर : लघुकोन प्रकीर्णनाविषयीचे गैरसमज

सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि तेव्हापासून आजच्या यंत्रमागांपर्यंत सुताची पारख त्याचा नंबर, पीळ आणि ताकद यांवरून होत आली आहे. पण ही ताकद, पाणी शोषून घेण्याची क्षमता आणि रंग धरण्याचा गुण ज्या रचनेवर अवलंबून असतो, ती रचना साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरची आहे. कापसाचा एक तंतू साधारणपणे 15 ते 20 मायक्रोमीटर रुंद असतो, तर त्याच्या भिंतीतील सेल्युलोजची सूक्ष्मतंतुके, म्हणजे लांबट रेणूंच्या घट्ट जुड्या, केवळ काही नॅनोमीटर जाडीची असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. एवढ्या मापाची रचना तपासण्याची एक भरवशाची पद्धत म्हणजे लघुकोन प्रकीर्णन. तीत क्ष-किरणांची किंवा न्यूट्रॉनांची बारीक शलाका नमुन्यातून आरपार पाठवली जाते आणि मूळ दिशेपासून जेमतेम काही अंशांनी, बहुधा त्याहूनही कमी, वळलेल्या किरणांची तीव्रता कोनागणिक मोजली जाते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळवून देणाऱ्या या गावात कापड आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांचे विद्यार्थी आहेत, त्यामुळे या पद्धतीविषयी पसरलेल्या काही समजुती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

लहान कोन म्हणजे लहान वस्तू, ही त्यांतील सर्वांत चिवट समजूत होय, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दूरचा दिवा पातळ कापडातून पाहिला तर त्याच्याभोवती प्रकाशाचे फाटे दिसतात, आणि वीण जितकी बारीक तितके ते अधिक दूरवर पसरतात; किरण आणि रचना यांचे नाते येथेही तसेच व्यस्त असते. तांब्याच्या नळीतून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी 0.154 नॅनोमीटर असते. या किरणांसाठी 1 नॅनोमीटर अंतराची रचना सुमारे 9 अंशांवर, 10 नॅनोमीटरची सुमारे 0.9 अंशावर आणि 100 नॅनोमीटरची अवघ्या 0.09 अंशावर व्यक्त होते. दोन मीटर दूर ठेवलेल्या शोधकावर हे शेवटचे वळण जेमतेम 3 मिलिमीटर भरते, आणि तेही न वळता सरळ निघून आलेल्या प्रखर शलाकेच्या अगदी शेजारी. म्हणूनच या उपकरणांत शलाका अतिशय अरुंद करावी लागते, नमुना आणि शोधक यांच्यामध्ये निर्वात केलेली लांब नळी बसवावी लागते आणि सरळ येणारी शलाका अडवण्यासाठी शोधकापुढे एक छोटा अडसर ठेवावा लागतो. पद्धतीची खरी कसोटी लागते ती या अडसराच्या कडेवर.

ही पद्धत फक्त स्फटिकांना लागू पडते, असेही पुष्कळांना वाटते, कारण क्ष-किरण म्हटले की पाठ्यपुस्तकातील स्फटिकांचे विवर्तन आठवते. विवर्तनासाठी अणूंची नियमित मांडणी लागते हे खरे, परंतु लघुकोन प्रकीर्णनाला तिची गरज नसते; त्याला लागतो तो फक्त घनतेतील फरक. क्ष-किरणांच्या बाबतीत हा फरक इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा असतो, मग तो पाण्यात तरंगणाऱ्या प्रथिनांमुळे पडलेला असो, सिमेंटमधील छिद्रांमुळे असो, की मिश्रधातूत साचलेल्या दुसऱ्या धातूच्या पुंजक्यांमुळे. या अभ्यासाचा उगमही काजळीसारख्या अस्ताव्यस्त पदार्थात आहे: पी. कृष्णमूर्ती यांनी 1930 साली ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये कार्बनच्या बारीक भुकटीने मूळ शलाकेच्या लगत केलेल्या तीव्र प्रकीर्णनाची नोंद केली, आणि या विषयाच्या इतिहासात ती आरंभीच्या निरीक्षणांमध्ये गणली जाते. पुढे फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए यांनी 1938 साली ॲल्युमिनियम-तांबे मिश्रधातूतील तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके ओळखले आणि पुढच्याच वर्षी कणाचा आकार काढण्याचा जो नियम मांडला, तो आजही प्रत्येक प्रयोगशाळेत पहिल्यांदा वापरला जातो.

तिसऱ्या गैरसमजामुळे सर्वाधिक नुकसान होते. हे उपकरण म्हणजे जणू एक शक्तिशाली सूक्ष्मदर्शक आहे आणि त्यातून पदार्थाचे छायाचित्र मिळते, अशी अपेक्षा धरून नमुने पाठवले जातात. प्रत्यक्षात हाती येतो तो कोनागणिक तीव्रतेचा एक उतरता आलेख. किरणांच्या लहरींची कला, म्हणजे त्या एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत हे, शोधकाला नोंदवता येत नाही, आणि ती नसल्यामुळे आलेखावरून रचना थेट उलटी उभी करता येत नाही. रचनेचे एक प्रतिमान गृहीत धरायचे, त्यावरून आलेख कसा आला असता ते गणिताने काढायचे आणि मोजलेल्या आलेखाशी ताडून पाहायचे, हाच मार्ग उरतो. कधीकधी दोन भिन्न प्रतिमाने एकाच आलेखात सारखीच बसतात. घन पदार्थातील गोल पोकळ्या आणि पोकळीतील तेवढेच घन गोल यांत केवळ आलेखावरून फरक करता येत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय म्हणून नव्हे, तर जोडीदार म्हणून ही पद्धत वापरावी लागते. सूक्ष्मदर्शक दोन-चार तंतू स्पष्ट दाखवतो. प्रकीर्णन मात्र शलाकेखाली आलेल्या सगळ्या तंतूंची सरासरी सांगते, आणि ती सरासरी निवडक छायाचित्रांपेक्षा पुष्कळदा अधिक प्रामाणिक असते.

सुताचेच उदाहरण घेतले तर हे नीट कळते. समांतर ठेवलेल्या तंतूंची जुडी शलाकेपुढे उभी धरली, तर शोधकावर वर्तुळाकार डाग न उमटता आडवी पट्टी उमटते, कारण तंतूच्या दिशेने लांबलेल्या तंतुकांचे आणि पोकळ्यांचे प्रकीर्णन त्यांच्या लांबीला काटकोनात पसरते. सगळी तंतुके एकाच दिशेत असती तर ही पट्टी अरुंद राहिली असती. कापसात ती तंतूभोवती तिरकी गुंडाळलेली असतात, त्यात सुताच्या पिळाची भर पडते, आणि पट्टी पंख्यासारखी रुंदावते. या रुंदीवरून तंतुके अक्षापासून किती कललेली आहेत याचा अंदाज बांधता येतो, आणि धाग्याची ताकद व ताण या कलाशी जवळून निगडित असतात. तोच धागा ओला केला की पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरते, घनतेतील फरक घटतो आणि पट्टी फिकी पडते. संरचनेत बिघाड नसूनही संकेत क्षीण होतो, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो धाग्यात बिघाड झाल्याचा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

अहवालात ‘कणाचा आकार 12 नॅनोमीटर’ असे छापलेले दिसले की नमुन्यातील सारे कण तेवढेच आहेत असे मानण्याचा मोहही टाळला पाहिजे. कणाचे प्रकीर्णन त्याच्या आकारमानाच्या वर्गानुसार, म्हणजे त्रिज्येच्या सहाव्या घातानुसार, वाढते. दुप्पट त्रिज्येचा एक कण अगदी लहान कोनांवर 64 लहान कणांइतका उजळतो. परिणामी थोडेसे मोठे कण किंवा गोळे झालेले कण सरासरीला आपल्याकडे ओढून नेतात. आकाराचे वितरण न देता दिलेला एकच आकडा म्हणजे अर्धे उत्तर होय.

न्यूट्रॉनांमुळे नमुना किरणोत्सारी होईल, ही भीती मात्र थोडक्यात निकालात काढता येते. या प्रयोगांत नमुन्यावर येणारी न्यूट्रॉनांची शलाका इतकी सौम्य असते की कापूस, पाणी, प्लास्टिक, प्रथिने असे नमुने व्यवहारतः किरणोत्सारी होत नाहीत; कोबाल्टसारखी मूलद्रव्ये असलेल्या नमुन्यांची गोष्ट वेगळी, आणि म्हणूनच प्रत्येक नमुना परत देण्यापूर्वी तपासला जातो. उलट क्ष-किरणांच्या प्रखर स्रोतांत नाजूक रेणू तुटण्याचा धोका न्यूट्रॉनांपेक्षा जास्त असतो. न्यूट्रॉनांचे वैशिष्ट्य वेगळेच आहे: साधा हायड्रोजन आणि त्याचा जड समस्थानिक ड्यूटेरियम यांच्याकडून ते अगदी वेगळ्या रीतीने विखुरले जातात. साधे आणि जड पाणी योग्य प्रमाणात मिसळले की मिश्रणाची पार्श्वभूमी एखाद्या घटकाशी तंतोतंत जुळवता येते आणि तो घटक जणू अदृश्य होतो. बहुतेक प्रथिनांसाठी हे प्रमाण सुमारे 40 टक्के जड पाण्याचे असते. जड पाण्यात भिजवलेल्या सेल्युलोजमध्ये पाणी जेथवर पोचते तेथवरचेच ठरावीक हायड्रोजन अणू ड्यूटेरियमने बदलले जातात, त्यामुळे घट्ट, स्फटिकरूप गाभा आणि पाण्याला वाट देणारा सैल भाग यांत भेद करता येतो. टॉवेल पाणी का शोषतो, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची ही एक थेट वाट आहे.

असे प्रयोग परदेशी गेल्याखेरीज होत नाहीत, ही समजूतही चुकीची आहे. मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात 1985 साली सुरू झालेल्या 100 मेगावॉट क्षमतेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर लघुकोन न्यूट्रॉन प्रकीर्णनाचे उपकरण आहे. त्यात बेरिलियम ऑक्साइडच्या गाळणीतून सुमारे 0.52 नॅनोमीटर सरासरी तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडले जातात, आणि अधिक मोठ्या रचनांसाठी सिलिकॉनच्या दोन स्फटिकांवर आधारलेले दुसरे उपकरणही तेथे आहे. इंदूरच्या ‘इंडस-2’ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे क्ष-किरणांच्या प्रखर स्रोतावर, लघुकोन प्रकीर्णनासाठी स्वतंत्र शलाकामार्ग आहे. विद्यापीठांतील संशोधकांना ‘ध्रुव’वर प्रयोग करता यावेत यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र काम करते. सोलापूरच्या संशोधकाने तेथे अर्ज करताना कोणत्या मापाची रचना अपेक्षित आहे, दोन घटकांमधील फरक कशामुळे पडतो आणि आलेख ताडून पाहण्यासाठी कोणते प्रतिमान हाताशी आहे, हे तिन्ही मुद्दे आधी लिहून काढावेत. नमुना त्यानंतर बांधावा.