शेळी सगळं खात नाही

‘शेळीला वेगळं काय घालायचं? ती काहीही खाते!’ पहिल्यांदा शेळी घेणाऱ्याला शेजारीपाजारी हाच धीर देतात. आणि पुष्कळदा घरातली पहिली शेळी या धीरापायीच दगावते.

कवी माणसानं शेळीवर बोलावं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, असं कुणाला वाटेल. म्हणून आधीच सांगतो, बालाघाटच्या डोंगररांगेतल्या ज्या गावात मी वाढलो तिथं आमच्या दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या कायम बांधलेल्या असायच्या. काळ्याभोर, लोंबत्या कानांच्या, बऱ्याचदा जुळी देणाऱ्या. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. घरात अडचण आली की अम्मी आधी दावणीकडे बघायची. आता आमच्या भागातल्या कितीतरी बायका बचत गटाचं कर्ज काढून दोन शेळ्या घेतात. त्यातली एक मेली तरी कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. तेव्हा हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

तर शेळी काहीही खात नाही. ती काहीही हुंगून बघते, ओठांनी चाचपून बघते, आणि त्यातलं थोडंच खाते. गाय जमिनीवरचं गवत ओरबाडते. शेळी मान वर करून, वेळेला मागच्या दोन पायांवर उभी राहून झुडपाचा पाला खुडते. बोर, बाभूळ, शेवरी, हादगा, अंजन ही तिची आवड. मातीत पडलेला, तुडवलेला चारा ती तोंडातही धरत नाही. नव्या मालकाला हा माज वाटतो. तो माज नव्हे, तिचा स्वभाव आहे. पाल्याची पेंढी गव्हाणीच्या वर, तिच्या तोंडाच्या उंचीला टांगली की निम्मी नासाडी थांबते.

आता तिच्या पोटात डोकावू. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला सगळ्यांत मोठा, त्याला कोटीपोट म्हणतात. पंधरा-वीस लिटरचा हा रांजणच म्हणा. त्यात डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव राहतात. पाला-कडबा पचवायची ताकद शेळीत नाही, ती या जीवांत आहे. ते चारा आंबवतात, त्यातून निघालेल्या रसावर शेळी जगते. दिवसातले सात-आठ तास ती रवंथ करते, तेव्हा गिळलेली लाळ त्या रांजणातला आंबटपणा आटोक्यात ठेवते. म्हणजे शेळी पाळायची तर आधी हे आतलं बिऱ्हाड पाळायला हवं.

या जीवांना अचानक बदल सोसत नाही. कडब्यावरच्या शेळीपुढे एके दिवशी पायलीभर ज्वारी किंवा मका ओतला, की आत आम्ल झपाट्यानं वाढतं आणि चारा पचवणारे जीव मरू लागतात. शेळी रवंथ सोडते, दात खाते, लेंड्यांऐवजी आंबूस वासाची पातळ हगवण लागते आणि दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. लग्नाच्या मांडवामागे टाकलेला भात, पोळ्या, बुंदी खाऊन मरणाऱ्या शेळ्यांची गोष्ट हीच.

बकरी ईदच्या आधी शहरातल्या घरांतही हेच घडतं. ईदच्या आठ-दहा दिवस आधी बोकड येतो. बाजारात त्याचे दात बघितलेले असतात, कारण कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो. घरी आल्यावर मात्र तो मुलांच्या ताब्यात जातो. कुणी चपाती भरवतं, कुणी बिस्किट, कुणी मूठ-मूठ गहू. माया खरी असते, पण त्या मायेनं बोकडाचं पोट बिघडतं. खच्ची केलेल्या बोकडाला सतत धान्यावर ठेवलं आणि पाणी कमी पडलं, तर मूतखड्याचीही भीती असते. तो कण्हत राहतो, लघवीला जोर करतो, थेंब-थेंब उतरतो. लोकांना वाटतं, लेंडी अडकली. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

मग रोज घालावं काय? मोठ्या शेळीला साधारण तीन-चार किलो हिरवा चारा-पाला, किलोभर वाळलेला चारा आणि दोन-अडीचशे ग्रॅम खुराक. तुरीचं भुसकट आणि भुईमुगाचा वाळलेला पाला आमच्याकडच्या शेळ्या आवडीनं खातात. सुबाभूळ चांगली, पण हिरव्या चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर नको. खुराकात मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, चुनी, पेंड; गाभण आणि दुभत्या शेळीला थोडा जास्त. मिठाची वीट टांगलेली आणि स्वच्छ पाणी सदैव समोर. नवा चारा सुरू करायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा वाढवत न्यावा. बाजारातून शेळी आणताना तिथं ती काय खात होती हे जरूर विचारावं, आणि पहिले काही दिवस तेच घालावं. हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक मी फार कमी पाहिलं.

ज्वारीबद्दल सांगायलाच हवं, कारण आपला मुलूख ज्वारीचा. कोवळी, गुडघ्याएवढी, पाण्यावाचून सुकत चाललेली ज्वारी, किंवा काढणीनंतर बुडख्याला आलेले हिरवे फुटवे शेळीनं खाल्ले तर किराळ लागते. त्या कोवळ्या पानांतून पोटात सायनाईडचं विष तयार होतं आणि तासाभरातही जनावर जाऊ शकतं. पीक फुलोऱ्यावर येईपर्यंत तिकडं शेळी फिरकू देऊ नये. बांधावरची घाणेरी आणि अंगणातली कण्हेरही विषारीच.

पोट बिघडलंय हे कळायचं कसं? शेळीच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात मूठ दाबून धरा. मिनिटाला एक-दोनदा आतून लाट यावी तसा धक्का जाणवतो. तो नसेल तर काहीतरी चुकलंय. तीच कूस नगाऱ्यासारखी फुगली असेल, तर शेळीला आडवं पडू देऊ नका, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा आणि डॉक्टरांना बोलवा. तोंड आभाळाकडे करून बाटलीनं औषध किंवा तेल ओतायची आपली जुनी खोड आहे. ते फुफ्फुसात उतरतं, आणि पोटफुगीतून वाचलेली शेळी न्यूमोनियानं जाते.

जंतांचं गणितही तिच्या खाण्याशीच जुळतं. जंताची अंडी लेंडीतून जमिनीवर पडतात, पिल्लं दंवाच्या ओलीनं गवताच्या पात्यावर वीतभर चढतात. उंचावरचा पाला खाणाऱ्या शेळीला हा त्रास कमी. आपण तिला पावसाळ्यात ओल्या, आखूड गवतावर सोडतो आणि जंत तिच्या पोटात जातात. म्हणून दंव वाळल्यावरच चरायला सोडावं. जंत रक्त पितात. खालची पापणी ओढून बघा. आतला भाग लालसर असेल तर ठीक. पांढरट पडला असेल, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल, तर उपचाराला उशीर नको. जंतनाशक वजनाप्रमाणे द्यावं लागतं. अंदाजानं अर्धं-मुर्धं दिलं की जंत मरत नाहीत, औषधालाच सरावतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंड्या तपासून मिळतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

मृगाचा पाऊस पडला, लुसलुशीत गवत आलं, की गावात एक बातमी हमखास येते. कळपातलं सगळ्यांत गुबगुबीत करडू रात्री चांगलं होतं, सकाळी मेलेलं सापडलं. मग नजर लागली म्हणतात, करणी म्हणतात, कुणाच्या तरी दारावर संशय जातो. मी याच कारणावरून दोन घरांचं बोलणं तुटलेलं पाहिलंय. या रोगाचं नाव आंत्रविषार. त्याचे जंतू करडाच्या आतड्यात आधीपासूनच असतात. भरपेट कोवळा चारा किंवा धान्य मिळालं की ते भराभर वाढतात आणि विष सोडतात. जे जास्त खातं तेच मरतं, म्हणून गुबगुबीत करडू जातं. यावर लस आहे. मे महिन्यात, पावसाच्या आधी टोचायची. पहिल्याच वर्षी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस. पीपीआरची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लशींचं वेळापत्रक दवाखान्यातून लिहून घ्यावं. विकत आणलेली शेळी मात्र आधी तीन आठवडे वेगळी बांधावी, मग इतरांत मिसळावी.

निवारा साधा चालतो, पण कोरडा हवा. गोठ्यात शेळीएवढ्या उंचीवर बसून दोन मिनिटं श्वास घ्या. मुताच्या वासानं डोळे चुरचुरले तर तिची छातीही चुरचुरत असणार. पावसाळ्यात चारही बाजूंनी प्लास्टिक बांधून हवा कोंडू नये. वाढलेली खुरं दोन-तीन महिन्यांनी छाटावीत.

शेळी व्याली की पहिला चीक करडाच्या पोटात तासाभराच्या आत गेला पाहिजे. आईच्या पोटात असताना करडाला रोगप्रतिकाराची शिदोरी मिळत नाही, ती सगळी चिकात असते, आणि दिवस उलटला की करडाचं आतडं ती घेईनासं होतं. दोन किलोच्या करडाला दिवसभरात थोडा थोडा मिळून दोनशे मिलिलिटर चीक जावा. ‘वार पडल्याशिवाय पाजायचं नाही’ हा समज त्याच्या जिवावर उठतो. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावं. शेळी गाभडली तर मात्र ते गर्भ-वार उघड्या हातानं उचलू नये, पुरून टाकावं आणि गरोदर बाईनं तिकडं जाऊच नये. ब्रुसेल्लासारखा रोग त्यातून माणसाला होतो. शेळीचं दूधही त्याच कारणासाठी उकळूनच प्यावं.

घरात एक थर्मामीटर शेळीसाठी वेगळा ठेवावा. गुदद्वारात धरून बघितलेलं तिचं तापमान 102-103 अंश फॅरनहाइट असतं. आपल्याला जो ताप वाटेल तो तिला ताप नव्हे. 104 च्या वर गेलं तर डॉक्टर. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962, त्याला पैसे पडत नाहीत. फोन लावण्याआधी चार गोष्टी बघून ठेवा : ताप किती, रवंथ कधीपासून बंद, लेंडी कशी, आणि काल काय खाल्लं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ज्यानं खाऊ घातलं असेल त्यालाच बोलवा, मग तो घरातला नातू का असेना.