दाढ काढायची की वाचवायची? गोळीने कळ थांबते, कीड नाही

चाकण : एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबणारा कामगार असो की खेड-मावळातला शेतकरी, दाढ ठणकायला लागली की आधी मेडिकलमधली गोळी घेतली जाते. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, म्हणून दवाखाना लांबणीवर पडतो. दोन-चार दिवसांनी कळ थांबते. पण कळ थांबली म्हणजे दाढ बरी झाली असं नाही. अनेकदा आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू साठत राहतो.

दाढ कधी वाचते?
कीड वरवरची असेल तर ती साफ करून दाढ भरली की काम भागतं. कीड नसेपर्यंत गेली, पण दाढ मजबूत असेल तर रूट कॅनाल करतात. त्यात खराब नस काढून पोकळी साफ करून भरतात आणि वर कॅप बसवतात.

कधी काढावी लागते?
दाढ हिरडीच्या खालपर्यंत फुटली किंवा हाड झिजून फार हलायला लागली तर काढणं बरं. दुखऱ्या दाढेला मिश्री किंवा तंबाखू लावल्याने तात्पुरतं बधिर वाटतं, पण हिरड्या खराब होतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो. दाढ काढताना इंजेक्शनने जागा बधिर करतात. दाब जाणवतो, कळ येत नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती खोटी आहे.

ऑपरेशन कशाला?
अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. जागा नसली की ती आडवी अडकते आणि हिरडी सुजते. एक्स-रे काढून, हिरडीला चीर देऊन दाढ काढतात व टाके घालतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

काढण्याआधी आणि नंतर
शुगर, बीपी, हृदयविकार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. गोळी मनाने बंद करू नये. काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरावा. पहिले 24 तास थुंकणं, जोरात चूळ भरणं टाळावं. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या कराव्यात. तंबाखू, बिडी, दारू बंद ठेवावी. जखमेतली रक्ताची गुठळी निघून गेली तर दुसऱ्या-चौथ्या दिवशी कळ उलट वाढते. तसं झालं तर परत दाखवावं.

थांबू नका
सूज गळ्याकडे किंवा डोळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर शिफ्ट संपायची वाट पाहू नये. दाढेचा पू गळ्यात पसरला तर श्वास अडकून जीव जाऊ शकतो. श्वासाला त्रास होत असेल तर लगेच 108 वर फोन करावा.

जायचं कुठे?
पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय आहे. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर कामगार विमा दवाखान्यात कार्ड घेऊन आधी चौकशी करावी. रस्त्यावर किंवा बाजारात बसून दाढ काढणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. कीड लहान असतानाचा एक खाडा पुढच्या ऑपरेशनपेक्षा स्वस्तच पडतो.