बोटीचा पंखा कसा ओळखावा?

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सरदार सरोवराचे पाणी सातपुड्याच्या दऱ्यांत शिरले आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील काठावरच्या कित्येक पाड्यांना बोट हाच रस्ता. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, दवाखाना गाठायचा तो पाण्यावरूनच. त्यासाठी बोट-रुग्णवाहिकाही आहेत. पण बोट किती वेळात पोहोचेल, हे एकट्या इंजिनावर ठरत नाही. इंजिनाची ताकद पाण्याला देणारा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, तितकाच महत्त्वाचा.

पंख्याची तिरकी पाती पाणी मागे ढकलतात आणि त्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे सरकते. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १३ बाय १०. पहिला आकडा व्यास. पात्यांची टोके फिरताना जे वर्तुळ काढतात, त्याची ही रुंदी. दुसरा आकडा पिच. लाकडात स्क्रू फिरवला की प्रत्येक फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो. तसा हा पंखा एका फेऱ्यात १० इंच पुढे जायला हवा. मिनिटाला १५०० फेरे धरले, तर बोटीचा वेग ताशी सुमारे २३ किलोमीटर येतो.

प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही, कारण पाणी लाकडासारखे घट्ट नसते. ही तूट म्हणजे स्लिप. ती ३० टक्के असेल, तर वेग १६ किलोमीटरवर येतो. बोटीत माणसे आणि सामान वाढले, की स्लिपही वाढते.

जास्त पिच म्हणजे जास्त वेग, असे वाटते. पण भरलेल्या बोटीला ते मानवत नाही. घाट चढताना गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन गुदमरते, तसेच इथे होते. ओझ्याच्या बोटीला कमी पिचचा पंखा बरा.

पंखा फार जोरात फिरला, तर पात्यांच्या पुढच्या बाजूला दाब इतका घटतो, की पाणी न तापताच त्याची वाफ होते. ते बुडबुडे फुटताना धातूला खड्डे पाडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पाते वाकलेले किंवा कडेला तुटलेले असेल, तर हा त्रास लवकर सुरू होतो आणि बोट थरथरते.

धरणाची पातळी उतरली, की बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात. पंखा त्यांवर आदळला, तर बऱ्याच लहान इंजिनांत एक मऊ धातूची पिन तुटते आणि महागडे गिअर वाचतात. मात्र पिन तुटली, की इंजिन चालू असूनही बोट जागीच राहते. म्हणून जादा पिन आणि वल्ही बोटीत हवीतच.

आणखी एक. तीन पात्यांचा पंखा १५०० फेऱ्यांना सेकंदात ७५ वेळा वार करतो. त्यामुळे पाण्यात कोणी उतरत किंवा चढत असताना इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून भागत नाही. ते बंदच करावे.