संगणकाच्या दाराशी निरोप्या

दूरच्या संगणकाशी तारेवरून बोलण्याची कल्पना बरीच जुनी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये जॉर्ज स्टिबिट्झ यांनी अमेरिकेतील हॅनोव्हर गावी टेलिप्रिंटरवर गणिते टंकली आणि न्यूयॉर्कमधील गणनयंत्राने त्यांची उत्तरे पाठवली. अशा संभाषणाच्या उपकरणाला टर्मिनल म्हणतात. आज ते बहुधा पडद्यावरच्या एका चौकटीत मावते.

दूरचा संगणक वाटेल त्याला आत घेत नाही. तो आधी नाव विचारतो, मग परवलीचा शब्द. आता समजा, परभणीच्या एका शाळेतील पर्जन्यमापक संगणकाला जोडलेला आहे. मागील २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो आकडा रोज, सुटीच्या दिवशीही, पुण्याच्या एका संगणकात पोहोचवायचा आहे. रोज कोण बसणार? म्हणून उत्तरे आधीच लिहून ठेवायची आणि ती देण्याचे काम यंत्राकडे सोपवायचे. या लेखी सूचनांना लॉगिन स्क्रिप्ट, म्हणजे प्रवेशाची आज्ञावली, म्हणतात.

थांब, ओळख, मग बोल

नुसती उत्तरे लिहून भागत नाही. ती केव्हा द्यायची हेही सांगावे लागते. परभणी ते पुणे हे सरळ अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला त्याला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. तरीही प्रश्न यायला कधी क्षण लागतो, तर कधी दहा सेकंद. कारण तार वेगवान असली, तरी पलीकडचा संगणक कामात गुंतलेला असू शकतो. म्हणून 'पाच सेकंद थांब' ही सूचना कच्ची ठरते. 'अमुक अक्षरे दिसेपर्यंत थांब. एका मिनिटात न दिसल्यास काम बंद कर' ही पक्की.

१९८६ साली भारतात 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय.आय.टी. या संस्था त्यात होत्या. त्याची पहिली सेवा होती 'यूयूसीपी' पद्धतीची टपालसेवा. या पद्धतीत एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावी आणि अशाच आज्ञावलीने आत शिरे. तिच्यात एक गंमत असे. 'लॉगिन' या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर कोठे मोठ्या लिपीत असे, कोठे लहान. कधी तारेवरच्या खरखरीत ते हरवूनही जाई. म्हणून पहिले अक्षर सोडून उरलेल्या चार अक्षरांचीच वाट पाहण्यास सांगत!

गुपित कोठे ठेवायचे?

आज्ञावलीत परवलीचा शब्द लिहिला, की तो कागदावर लिहिल्यासारखाच झाला. फाईल ज्याच्या हाती, त्याच्या हाती दार. शिवाय जुन्या पद्धतींत हा शब्द तारेवरून उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तेथील टाटू युलोनेन यांनी 'एसएसएच' ही सुरक्षित पद्धत रचली.

तिच्यात परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. आपली मोहोर आणि तिचा ठसा आठवा. मोहोर, म्हणजे खासगी किल्ली, परभणीतच राहते. ठसा ओळखण्याचे साधन, म्हणजे सार्वजनिक किल्ली, पुण्यात असते. प्रत्येक भेटीचा ठसा निराळा उमटतो, त्यामुळे आजचा चोरलेला ठसा उद्या चालत नाही. मोहोर कधीच प्रवास करत नाही. पण यंत्र एकटेच काम करणार असेल, तर मोहोरही त्याच्यापाशीच ठेवावी लागते. म्हणून पुण्याच्या संगणकाला बजावून ठेवावे, 'या किल्लीने फक्त पावसाचा आकडा जमा करता येईल, दुसरे काही नाही.'

समोर खरा कोण?

माणसाला संशय येतो, आज्ञावलीला येत नाही. पुण्याचे सोंग घेऊन भलताच संगणक समोर आला तर? एसएसएचमध्ये त्या संगणकाचीही किल्ली असते. पहिल्या भेटीत ती माणसाने खात्री करून नोंदवावी. पुढे ती बदललेली दिसली, तर आज्ञावलीने थांबून माणसाला कळवावे. कटकट नको म्हणून येथे 'हो' हे उत्तर आधीच लिहून ठेवणारे पुष्कळ भेटतात. ते दाराला कुलूप लावून किल्ली कुलपातच ठेवतात.

करून पाहा: एका मित्राला संगणक करा, दुसऱ्याला आज्ञावली. दुसऱ्याने फक्त कागदावरच्या सूचना पाळायच्या. मग पहिल्याने मुद्दाम उशीर करावा, प्रश्न बदलावा, किंवा गप्प बसावे. तुमच्या सूचना कोठे अडतात ते लगेच दिसेल.