वाद्यांतून भीति कशी उत्पन्न होते?

सुप्याच्या आसपासच्या माळरानांत सूर्यास्तानंतर कोल्हेकुई सुरू झाली, किंवा मध्यरात्रीं टिटवी ओरडत गेली, म्हणजे धीट माणूसहि क्षणभर कान टवकारतो. कित्येक घरांतून टिटवीचा शब्द अजून अशुभ मानितात. वास्तविक ती बिचारी जमिनीवर अंडीं घालते, व कोणी जवळ आलें म्हणजे ओरडून इशारा देते. त्याच घरांतील लेंकरें भुताचा चित्रपट पाहून रात्रीं निजावयास भितात. या दोन्ही भयांचें मूळ भुतांत नसून ध्वनींत आहे, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम कानाचा स्वभाव पाहूं. तार नियमित कंप पावली म्हणजे स्वर निघतो. कंप अनियमित झाले म्हणजे खरखर ऐकूं येते. भ्यालेला प्राणी जीव तोडून ओरडतो तेव्हां त्याच्या कंठांतील पडदे मर्यादेपलीकडे ताणले जाऊन त्याचा आवाज फाटतो. म्हणून असा आवाज कानीं पडतांच, विचार करण्यापूर्वींच, आपलें मन सावध होतें. अमेरिकेंतील प्राणिशास्त्रज्ञ डॅनिएल ब्लूमस्टीन व त्यांचे सहकारी यांनीं १०२ चित्रपटांतील ध्वनि तपासून २०१० सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भयपटांत अशी खरखर अधिक असते, असें त्यांस आढळलें.

वाद्यवृंदांतील व्हायोलिनवादक हा फाटका आवाज बुद्ध्याच काढतो. गज घोडीला अगदीं लागून ओढला कीं भरीव स्वराऐवजीं कांचेवर नख ओढल्यासारखा पातळ, थंड आवाज निघतो. गज अति वेगानें पुढेंमागें हालविला कीं स्वर थरथरूं लागतो. गज उलटा करून त्याच्या लांकडानें तारांवर आघात केला कीं वाळक्या हाडांचा खडखडाट होतो. फ्रेंच संगीतकार बर्लिओझ यानें १८३० मध्यें चेटकिणींच्या मेळाव्याचें वर्णन करितांना हीच युक्ति योजिली.

दुसरी युक्ति स्वरांच्या अंतराची. पाश्चात्य पद्धतींत व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारा एकमेकींशीं षड्ज-पंचमाच्या नात्यानें लाविलेल्या असतात. हें नातें कानास स्थिर व पूर्ण वाटतें. सेंट-सान्स या दुसऱ्या फ्रेंच संगीतकारानें १८७४ च्या एका रचनेंत प्रत्यक्ष मृत्यूच्या हातीं व्हायोलिन दिलें आहे. त्यासाठीं त्यानें सर्वांत उंच तार अर्ध्या स्वरानें उतरविली. म्हणजे पंचमाच्या जागीं तीव्र मध्यम आला. आतां तीव्र मध्यम हा कांहीं दुष्ट स्वर नव्हे. यमन रागांत तो किती गोड लागतो! परंतु तेथें तो आपणांस पंचमापर्यंत पोंचवितो. येथें तो अर्ध्या वाटेवरच सोडून देतो. कानास हवा असलेला विसांवा मिळूं न देणें, हेंच भयसंगीताचें मर्म होय.

मुंबईच्या चित्रपटांतहि हीं साधनें आलीं. तेथील वाद्यवृंदांत अनेक व्हायोलिनवादक गोव्याचे असत. गोव्यांत चर्चच्या पाठशाळांतून मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे या वादकांत नामांकित होते. जी विद्या देवाच्या स्तुतीसाठीं शिकविली, तीच पुढें पडद्यावरील ओसाड हवेलीच्या कामीं आली. १९४९ च्या ‘महल’ या चित्रपटाचे संगीतकार खेमचंद प्रकाश होते. त्यांतील प्रसिद्ध गीताच्या आरंभींच्या ओळी आपण ध्वनिग्राहकापासून दूर उभें राहून, गात गात जवळ येत म्हटल्या, अशी हकीकत लता मंगेशकर स्वतः सांगत. आवाज कोठून येतो हें न कळलें कीं गोड सूरहि अंगावर कांटा आणतो.

विद्यार्थ्यांनीं दोन प्रयोग अवश्य करून पाहावे. पेटीवर षड्ज व कोमल ऋषभ एकदम दाबा; दोन स्वर एकमेकांस घांसल्यासारखे वाटतील. मग षड्जाबरोबर तीव्र मध्यम दाबा. कान अस्वस्थ होऊन पुढची वाट पाहील. शेवटीं षड्ज व पंचम दाबा, म्हणजे मन निवांत होईल. दुसरा प्रयोग पालकांनीं मुलांस जवळ बसवून करावा. घरीं भयपट लागला असतां भीतीच्या ऐन प्रसंगीं आवाज अगदीं बंद करावा. मग पडद्यावर एक बाई हातांत दिवा घेऊन जिना चढते आहे, एवढेंच दिसेल. तिच्या पाठीमागचें भूत व्हायोलिनवाल्याच्या गजांत होतें, हें मुलाला एकदां उमगलें म्हणजे तें अंधारांतहि कान देऊन ऐकूं लागेल. आणि जें मूल कान देऊन ऐकूं लागलें, त्यास उगाच भिवविणें कोणासहि सोपें जाणार नाहीं.