भरतीची धाव आणि तळव्याची कळ

पहाटे पाच वाजता उल्हासनगर कॅम्प नंबर २ मध्ये दोनच प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. नळाला पाणी आले की नाही ते पाहणारी आणि भरतीसाठी धावणारी. नेहरू चौकाकडून निघायचे, गोल मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि बाजाराची शटर वर जाण्याआधी घरी परतायचे, हा आपल्या वस्तीतल्या मुलामुलींचा रिवाजच होऊन बसला आहे.

ही धाव हौसेची नाही. घरात एक वर्दी आली तर पुढच्या दोन पिढ्यांचे दिवस पालटतात, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांचे वडील रामजी सैन्यात सुभेदार होते. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली, ती पुन्हा उघडावी म्हणून आपल्या वाडवडिलांनी सरकारकडे अर्ज केले, आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. त्याच रेजिमेंटमध्ये भरती झालेला, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक घेऊन आला. आमच्या पोरांच्या मोबाइलवर त्याचा फोटो असतो तो उगाच नाही.

स्पर्धा किती तीव्र आहे तेही पाहा. जून २०२४ मध्ये राज्यातील पोलीस भरतीची मैदानी चाचणी सुरू झाली, तेव्हा १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. शिपाईपदासाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जोडीला १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानाचे एकूण गुण ५०. त्यांतले २० या मोठ्या धावेचे. मुलाने ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटे ५० सेकंदांत अंतर कापले तर पूर्ण गुण पदरात पडतात. एकेका सेकंदासाठी जीव टाकावा लागतो, म्हणून पाय दुखतो हे कुणी बोलत नाही. बोलले तर घरचे थांबवतील, ही धास्ती.

माझ्या भाचीचेच सांगतो. वय एकवीस. सकाळी धावायची आणि दुपारपासून रात्रीपर्यंत गजानन मार्केटमधल्या कपड्याच्या दुकानात उभी राहायची. भरतीची जाहिरात येणार अशी कुणकुण लागली तशी तिने एका आठवड्यात अंतर दुप्पट केले. आधी तळव्याच्या कमानीत ओढल्यासारखे व्हायचे. मग नडगीच्या आतल्या बाजूने ठणका लागला. तयारी करून घेणाऱ्या सरांचे म्हणणे, दुखते म्हणजे पाय घडतोय. आई रोज रात्री तेल लावून पाय चेपायची. महिनाभर हे चालले. एका पहाटे तिला जिना उतरता येईना, तेव्हा मला म्हणाली, "मामा, आईला सांगू नका, पण मला बोट टेकवतो तिथेच दुखतं."

बोट टेकवतो तिथेच. डॉक्टरांनी सगळ्यात आधी नेमके हेच विचारले.

आता थोडे शरीराविषयी. आपला तळवा सपाट फळी नव्हे. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो, तो पायाची कमान धरून ठेवतो. पोटरीतून निघालेला एक स्नायू घोट्याच्या आतल्या बाजूने खाली येऊन तीच कमान वर ओढून धरतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. पोटरी आखडलेली असली, थकलेली असली की तो भार कमानीवर आणि नडगीवर पडतो. म्हणून दुखते तळव्यात, पण खोट पुष्कळदा पोटरीत असते.

आणि मुख्य गोष्ट अशी की दम आधी येतो, पाय मागून येतात. नियमाने धावले तर तीन-चार आठवड्यांत छाती भरून येणे कमी होते, मुलाला वाटते आता आपण तयार झालो. परंतु हाड आणि पट्टे यांना घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. भार पडल्यावर हाड आधी थोडे झिजते आणि मग नव्याने भरते. भरायच्या आतच दुसऱ्या दिवशी तिथेच घाव बसला तर त्याला बारीक चीर जाते. जाहिरात आल्यावर जी मुले धावायला उतरतात, त्यांच्या पायांना हा वेळच मिळत नाही. सरावाची सुरुवात जाहिरातीच्या सहा महिने आधी हवी ती यासाठी.

गोल मैदानाची आणखी एक गंमत आहे. मैदान गोल, आणि सगळे एकाच दिशेने फिरतात. रोज त्याच बाजूला वळत राहिले तर दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही. एक दिवस उलट दिशेने फिरावे, अगदी साधा उपाय. (सकाळी फिरायला येणारी वडीलधारी मंडळी रागावतील, रागावू द्यावे.) काँक्रीटचा रस्ता वाईट आणि माती चांगली असेही सरसकट नाही. खड्ड्याखुड्ड्यांच्या मातीत घोटा मुरगळला तर महिना जातो.

बुटांविषयी बोलायचे तर आपले शहर त्यासाठी प्रसिद्धच. 'मेड इन युएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. परदेशी नावाची पट्टी असलेला बूट स्वस्तात मिळतो. नाव काहीही असो, हातात घेऊन वाकवून पाहा. बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध दुमडता कामा नये, आणि टाचेचा मागचा भाग दाबल्यावर चेपला जाऊ नये. थोरल्या भावाचा झिजलेला बूट धाकटीने वापरणे ही काटकसर नव्हे. कोणी अनवाणी धावून पहिला आला म्हणून आपणही परीक्षेच्या दिवशी बूट काढायचे, हा तर वेडेपणाच.

पायाच्या या दुखण्याची एक गोष्ट आपल्या विनयपिटकात आहे. चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा सोण कोळिविस इतक्या सुखात वाढलेला, की त्याचे तळवे कोवळे होते. भिक्षू झाल्यावर त्याने राजगृहाजवळच्या सीतवनात चालत-चालत ध्यानाचा इतका हट्ट धरला, की पाय फुटून वाट रक्ताने माखली. निराश होऊन तो घरी परतण्याचा विचार करू लागला. भगवान बुद्धांनी त्याला तो पूर्वी वाजवीत असलेल्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली की सूर लागत नाही, फार ढिली सोडली तरी लागत नाही. आपण हा दृष्टान्त प्रवचनात नेहमी ऐकतो, पण त्यापुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. तथागतांनी उपदेशावर न थांबता सोणाला एकेरी तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नकोत, संघाला मिळत असतील तर घालीन. तेव्हा ती सर्व भिक्षूंना मिळाली. महावग्गाचा तो अख्खा खंधक पादत्राणे आणि चामड्याच्या वस्तूंवर आहे.

'सपाट पाऊल' या शब्दाची आपल्या मुलांना फार भीती. तळवा ओला करून कोरड्या फरशीवर ठेवा. पूर्ण पाऊल उमटले, मधली कमान दिसली नाही, तर पाऊल सपाट. पण लगेच धीर सोडू नका. आता चवड्यांवर उभे राहा. टाच उचलल्यावर कमान दिसू लागली तर ते पाऊल लवचीक आहे. सैन्याच्या वैद्यकीय नियमांतही असे लवचीक, न दुखणारे आणि चवड्यांवर नीट धावता येणारे पाऊल अपात्र ठरत नाही. कमान मुळीच येत नसेल, किंवा एकाच पायाची कमान अलीकडे बसली असेल आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नसेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

झोपेतून उठल्यावर पहिल्या दोन-चार पावलांना टाचेत सुई टोचल्यासारखी कळ येणे, मग चालल्यावर कमी होणे, हे त्या तळव्याच्या पट्ट्याचे दुखणे. उपाय घरातले आहेत, पण चिकाटीचे. भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ आणि टाच जमिनीला लावून पोटरी अर्धा मिनिट ताणावी, दिवसातून तीन-चार वेळा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन टाच सावकाश वर, सावकाश खाली, एक दिवसाआड. बर्फ केलेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटे फिरवावी. घरातही फरशीवर अनवाणी वावरू नये, जाड तळाची स्लीपर घालावी. धावण्याचे अंतर निम्मे करावे. बरे व्हायला महिने लागतात. चार दिवसांत गुण येत नाही म्हणून बिब्बा लावून तळवा भाजून घेणारेही मी पाहिले आहेत. कृपया तसे करू नका.

नडगीचे दुखणे दोन तऱ्हेचे असते. आतल्या कडेने वीतभर पसरलेला ठणका असेल, तर धावणे कमी केल्यावर तो उतरतो. पण एका बोटाखाली मावेल इतक्याच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्यावी आणि धावणे त्याच दिवशी बंद. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर पुष्कळदा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून सराव सुरू करू नये. एकच पोटरी सुजून गरम आणि लाल झाली असेल तर चोळत बसू नका, तडक इस्पितळ गाठा.

मुलींच्या आयांना वेगळे सांगायचे आहे. चहा-बटर खाऊन धावणाऱ्या, रात्री वजन वाढेल म्हणून भाकरी टाळणाऱ्या मुलीची पाळी चुकू लागली, तर तो हाडांचा इशारा समजावा. नाचणीची भाकरी, डाळ, अंडे, सुकट-बोंबील या आपल्या घरच्याच वस्तू आहेत. पोटभर द्या. भावाच्या ताटात दोन अंडी आणि बहिणीच्या ताटात रस्सा, असे जिथे अजून चालते तिथे विहारातल्या फोटोला नुसता हार घालून काय उपयोग?

परीक्षेच्या दिवशी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उतरण्याची वाईट रीत पडत चालली आहे. दुखणे झाकले जाते, चीर वाढते. वर ऊन आणि तहान असली तर मूत्रपिंडालाही धोका. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना तरुण उमेदवारांचे प्राण गेले होते, हे पालकांनी विसरू नये.

माझ्या भाचीला आठ आठवडे विश्रांती सांगितली. त्याच आठवड्यांत तिच्या मैदानाची तारीख आली. प्रवेशपत्र घेऊन ती घरी बसली होती, आणि तिची आई त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. दुकानाच्या मालकाने तिला बसायला स्टूल दिले, तेवढे बरे झाले. आता ती पुन्हा मैदानावर जाते. चार मिनिटे चालते, एक मिनिट धावते, एक दिवसाआड. घरी आली की पायरीवर बसून नडगीवर बोट दाबून पाहते आणि वहीत लिहिते. काल लिहिले होते, 'दुखले नाही.'