मालिश आणि पाठीचा कणा

मालिश हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो फारसीतून आला. 'मालीदन' म्हणजे चोळणे. घरात बाळ जन्माला आले, की त्याला तेलाने मालिश करतात. आजोबांचे गुडघे दुखू लागले, की तेलाची बाटली बाहेर निघते. केस कापून झाले, की न्हावी डोक्याला चंपी करतो. चंपी संपता संपता तो आणखी एक गोष्ट करतो. गिऱ्हाइकाची हनुवटी धरून मान एकदम बाजूला वळवतो. कट् असा आवाज येतो आणि गिऱ्हाईक खूश होते.

चंपी आणि मानेचा तो झटका ही दोन्ही कामे एकाच खुर्चीवर, एकाच माणसाच्या हातून होतात. म्हणून ती एकच आहेत असे वाटते. पण तसे नाही. चंपीत हात स्नायूंवर काम करतो. झटक्यात तो मणक्यांच्या सांध्यांवर काम करतो. अमेरिकेत या दुसऱ्या कामाचा स्वतंत्र व्यवसायच आहे. त्याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. तेथील अनेक दवाखान्यांत कायरोप्रॅक्टरच्या जोडीला मालिश करणारा जाणकारही असतो. ही जोडी का जमली, हे समजण्यासाठी आधी आपल्या पाठीकडे पाहू.

पाठीचा कणा हे एक सलग हाड नव्हे. लहान मुलाच्या कण्यात ३३ मणके असतात. मोठेपणी खालचे ९ मणके जुळून त्यांची दोन हाडे होतात. वरचे २४ मात्र सुटे राहतात: मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. मणक्यांमध्ये लहान लहान सांधे असतात. त्यांच्यामुळे आपण वाकू शकतो, वळू शकतो. परंतु सांधे स्वतःहून हलत नाहीत. त्यांना स्नायू हलवतात. तंबूचा खांब जसा चारी बाजूंच्या दोऱ्यांनी उभा राहतो, तसा कणा स्नायूंच्या आधाराने उभा राहतो.

समजा, मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराने कापडाचा जड तागा घाईत उचलला आणि त्याच्या कमरेत उसण भरली. दुखऱ्या जागेला धक्का लागू नये म्हणून भोवतालचे स्नायू आवळून बसतात. हा शरीराने बसवलेला पहाराच होय. पण पहारा लांबला, की आवळलेले स्नायूच दुखू लागतात. दुखते म्हणून माणूस हलत नाही. हलत नाही म्हणून सांधा आणखी ताठ होतो. अशा वेळी सांध्याला थेट झटका दिला, तर आवळलेला स्नायू त्याला विरोध करतो. मग जोर जास्त लागतो आणि रोगी कळवळतो. त्याऐवजी आधी थोडा वेळ मालिश केली, तर स्नायू सैल पडतात, मनातली भीतीही कमी होते आणि कमी जोराने काम भागते. असा या जोडीमागचा विचार आहे.

आधी स्नायू तयार करावेत, हा विचार मात्र अमेरिकेचा नाही. बू अली सीना यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते १०३७ साली वारले. 'अल्-कानून फित्तिब्ब' या ग्रंथात त्यांनी मालिशीला 'दलक' म्हटले आहे. जोराची दलक शरीर घट्ट करते आणि हलकी दलक ते सैल करते, असे ते सांगतात. व्यायामाआधी अंग तयार करण्यासाठी एक मालिश आणि व्यायामानंतर थकवा घालवण्यासाठी दुसरी, असे भेदही त्यांनी केले. (जाता जाता सांगायचे तर 'शांपू' हा इंग्रजी शब्द आपल्या 'चंपी'चाच भाऊ आहे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे चंपीचे हमामखाने चालवले आणि इंग्लंडच्या दोन राजांनाही मालिश दिली. तेव्हा शांपू म्हणजे मालिशच होती, साबण नव्हे!)

कायरोप्रॅक्टिकचा जन्म बराच उशिरा झाला. १८९५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ राहत होते. त्यांच्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना फार कमी ऐकू येई. त्यांच्या पाठीचा एक मणका पामर यांनी दाबला आणि त्यांना ऐकू येऊ लागले, अशी हकिकत पामर यांनी लिहून ठेवली आहे. त्यावरून जवळजवळ सगळे रोग मणके सरकल्याने होतात, असे ते मानू लागले. हे मत आज वैद्यकशास्त्राला मान्य नाही. ऐकण्याची नस तर कानातून सरळ मेंदूकडे जाते, पाठीतून नव्हे. तरीही पामर यांच्या हस्तकौशल्यातून एक उपयोगी गोष्ट निघाली. ताठलेला सांधा हाताने हलवला, तर काहींची पाठदुखी कमी होते.

मग तो कट् आवाज कसला? पुष्कळांना वाटते, की सरकलेले हाड जागेवर बसले. खरे पाहता सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा झटकन ताणला, की द्रवावरचा दाब एकदम कमी होतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडतानाही हेच घडते. म्हणून आवाज आला की इलाज झाला, असे समजू नये.

इलाजाचा खरा उपयोग किती? अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१७ साली सल्ला दिला, की नव्याने उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीत गोळ्यांकडे वळण्याआधी शेक, मालिश, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांवरचा हस्तोपचार करून पाहावा. मालिश आणि हस्तोपचार यांबाबतचे पुरावे भक्कम नाहीत, हेही संस्थेने स्पष्ट केले. अशी कंबरदुखी बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. मालिशीमुळे तेवढे दिवस सुसह्य होतात, हे काही थोडे नाही.

मालिशही सदैव चालतेच असे नाही. हाड मोडले असेल किंवा अंगात ताप असेल, तर चोळू नये. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याची भीती असते. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर तेल बाजूला ठेवून तडक इस्पितळ गाठावे.

सर्वांत जपायची ती मान. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना छिद्रे असतात. त्यांतून मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या वर जातात. मानेला अचानक पीळ बसला, तर क्वचित या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटते, तेथे गुठळी होते आणि माणसाला अर्धांगवायू, म्हणजे फालिज, होऊ शकतो. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला काही वर्षे शिकून परवाना घ्यावा लागतो, तरी तेथेही ही भीती पूर्ण टळलेली नाही. आपल्या न्हाव्याने तर हे शिक्षण घेतलेलेच नसते. त्याच्याकडून चंपी जरूर करून घ्यावी, मान मात्र त्याच्या हाती देऊ नये. झटक्यानंतर काही तासांत किंवा काही दिवसांत मान असह्य दुखू लागली, चक्कर आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा बोलणे अडखळू लागले, तर लगेच इस्पितळात जावे आणि मानेला झटका दिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते कळले, की तपासणी थेट मानेच्या रक्तवाहिन्यांपासून सुरू करता येते.